निकष तोच, चढ मात्र मोजून

30 मे 2025 रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून 148व्या तुकडीबरोबर 17 मुली प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. खेत्रपाल मैदानावरच्या त्या संचलनाचे देशभर कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑगस्ट 2021 रोजी अंतरिम आदेश दिला, त्यामुळे मुलींना प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेला बसता आले. दार न्यायालयाने उघडले. पण आत आलेल्या मुलीच्या नडग्या, गुडघे आणि खुबे तीन वर्षे शाबूत ठेवणे न्यायालयाच्या हातात नाही. ते काम प्रशिक्षकांचे आहे, लष्करी डॉक्टरांचे आहे, मेसचे आहे आणि काही अंशी महाराष्ट्रातल्या शाळांचे व भरती अकादम्यांचेही आहे. या कामाविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले जाते.

न बोलण्यामागे एक भीती आहे. लष्करी प्रशिक्षणात मुलींना मुलांपेक्षा जास्त दुखापती होतात, हे जगभरच्या सैन्यांनी नोंदवून ठेवले आहे. अमेरिकी लष्कराच्या प्राथमिक प्रशिक्षणाच्या अनेक अभ्यासांत साधारण निम्म्या स्त्रियांना आणि पाव पुरुषांना कसली ना कसली दुखापत झालेली दिसते. हा आकडा उच्चारला, की 'मग मुलींना घेताच कशाला?' असा प्रश्न कोणीतरी विचारणार. म्हणून मुलींच्या बाजूचे लोकही गप्प बसतात. या गप्प बसण्याची किंमत वीस वर्षांची मुलगी आपल्या हाडांनी मोजते. तेव्हा आकडा स्पष्ट सांगावा आणि त्याचे कारणही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

पहिले कारण पूर्वतयारीचे. 2000 साली अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणार्थींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांच्या दुखापती पुरुषांच्या दुपटीहून अधिक होत्या. मात्र दाखल होताना कोणाची धावण्याची क्षमता किती होती, हे हिशेबात धरल्यावर स्त्री-पुरुषांमधला फरक बराचसा नाहीसा झाला. अर्थ असा, की कमी तयारीच्या मुलालाही तितकाच धोका असतो. फक्त असे मुलगे संख्येने कमी असतात, कारण लहानपणापासून मैदान त्यांच्या वाट्याला आलेले असते. दहावीनंतर खेळणे सुटलेली मुलगी आणि रोज संध्याकाळी फुटबॉल खेळणारा मुलगा एकाच दिवशी एकाच ओळीत उभे राहिले, तर पहिल्या महिन्यात कोण लंगडेल हे सांगायला वैद्यकशास्त्र लागत नाही.

पण सगळा फरक पूर्वतयारीने संपत नाही. स्त्रीच्या नडगीचे हाड सरासरीने अरुंद असते, म्हणून तेवढ्याच आघाताचा त्यावर पडणारा ताण जास्त असतो. वजन कमी असल्याने सारख्या ओझ्याचा वाटाही मोठा पडतो. 20 किलोचा पिठ्ठू 70 किलोच्या मुलासाठी शरीराच्या वजनाच्या तीन दशांशाहून कमी भरतो, 50 किलोच्या मुलीसाठी तोच चार दशांश होतो. त्या पिठ्ठूचे पट्टे रुंद खांद्यांच्या मापाने शिवलेले असले, तर भार कंबरेवर न येता मानेवर आणि पाठीवर येतो. उडी मारून उतरताना मुलींचे गुडघे आत वळण्याकडे अधिक कल असतो. त्यामुळे गुडघ्यातला पुढचा क्रुसिएट अस्थिबंध (एसीएल) तुटण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त आहे. उतरावे कसे, वळावे कसे आणि मांडीचे मागचे स्नायू बळकट कसे करावेत, हे शिकवणारा पंधरा-वीस मिनिटांचा वॉर्मअप नियमित घेतला की हे प्रमाण ठळकपणे खाली येते. खेळाडू मुलींवर हे वारंवार सिद्ध झाले आहे. अडथळ्यांच्या मैदानावर उतरण्याआधी तो वॉर्मअप रोज व्हावा, यासाठी कोणतेही यंत्र आणावे लागत नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान करते ते स्ट्रेस फ्रॅक्चर. एका फटक्यात हाड मोडत नाही. सारख्या आघातांनी त्यात बारीक चीर पडते. हाडावर नवा ताण आला की शरीर ते हाड नव्याने घडवू लागते. जुनी भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी कच्च्या विटा काढतो आणि मग नव्या बसवतो. मधल्या काळात भिंत पूर्वीपेक्षाही कमकुवत असते. हाडाचेही तसेच होते. प्रशिक्षणाचे पहिले काही आठवडे म्हणजे हा मधला काळ. नेमक्या त्याच आठवड्यांत नव्या कॅडेटला 'मोडून घडवायचे' म्हणून सर्वांत जास्त पळवले जाते. हा दोष मुलींच्या शरीराचा नाही, वेळापत्रकाचा आहे. या दुखण्याची पहिली नोंदही पुरुषांच्याच पायांची आहे: ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने 1855 साली कूच करून सुजलेल्या सैनिकांच्या पावलांचे वर्णन केले. बायका सैन्यात येण्याच्या कितीतरी आधीपासून सैन्य आपल्याच शिपायांची हाडे अशी चिरत आले आहे.

आता पावलाकडे पाहू. आपल्या कवायतीत तेज चालीचे पाऊल 30 इंचांचे. उंच मुलाला ते सहज पडते. पाच फूट एक-दोन इंचांची मुलगी त्या तालात पाय टाकते, तेव्हा प्रत्येक पावलाला तिला खुब्यातून ताण घ्यावा लागतो आणि तो ओटीपोटाच्या हाडावर, जांघेलगतच्या पट्टीवर येतो. 2013 साली ब्रिटनच्या हवाई दलातल्या तीन माजी प्रशिक्षणार्थी स्त्रियांना याच कारणाने नुकसानभरपाई मिळाली. उंच पुरुषांच्या पावलाशी पाऊल जुळवत चालायला लावल्याने त्यांच्या ओटीपोटाच्या हाडांना चिरा गेल्या होत्या.

ऑस्ट्रेलियाच्या लष्कराने हे दुखणे न्यायालयात जाण्याआधीच मैदानावर सोडवले होते. तिथे कूच करण्याचा वेग ताशी साडेसात किलोमीटरवरून पाचवर आणला. प्रत्येकीला आपल्या सोयीचे पाऊल टाकता यावे म्हणून रांगांमधले अंतर वाढवले. धावणे आणि कूच शक्य तितके मऊ जमिनीवर नेले आणि सलग लांब धावण्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी धावणे आणले. स्त्री प्रशिक्षणार्थींमधले ओटीपोटाच्या हाडांचे स्ट्रेस फ्रॅक्चर 11.2 टक्क्यांवरून 0.6 टक्क्यांवर आले. हा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषध नव्हते, शस्त्रक्रिया नव्हती, महागडे बूटही नव्हते. होते ते फक्त मोजून दिलेले वेळापत्रक.

इथे एक आक्षेप हमखास येतो: 'म्हणजे मुलींना सवलत द्यायची का?' त्याचे उत्तर अमेरिकी मरीन दलाच्या सॅन डिएगो केंद्राने दिले आहे. तिथे पुरुष प्रशिक्षणार्थींचे धावण्याचे एकूण अंतर सुमारे 40 टक्क्यांनी कमी केले. स्ट्रेस फ्रॅक्चर निम्म्याहून खाली आले आणि अखेरच्या धावण्याच्या चाचणीतली सरासरी वेळ मात्र जवळजवळ तशीच राहिली. जास्तीचे मैल कोणालाही जास्त वेगवान करत नव्हते. ते फक्त हाडे मोडत होते. इस्रायलच्या सैन्याने पंचवीस वर्षे या प्रश्नाशी झुंज दिली. किमान सहा तासांची झोप सक्तीची केली, एकूण चालण्याचे अंतर कमी केले आणि पायदळातल्या पुरुषांचे स्ट्रेस फ्रॅक्चर 60 टक्क्यांहून अधिक घटवले. मुलींसाठी म्हणून जे करायचे ते मुलांच्याही भल्याचेच ठरते. मुलींच्या दुखापती ही प्रशिक्षणातली चूक लवकर दाखवणारी खूण आहे आणि ती खूण पुसून चूक दुरुस्त होत नाही.

उलट काय होते, तेही ब्रिटनने दाखवले आहे. 1998 मध्ये तिथल्या लष्कराने समानतेच्या नावाखाली स्त्री-पुरुषांना एकाच तुकडीत, एकाच मापाने प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. अतिताणाच्या दुखापतींमुळे प्रशिक्षण सोडावे लागलेल्या स्त्रियांचे प्रमाण 4.6 टक्क्यांवरून 11.1 टक्क्यांवर गेले; पुरुषांचे दीड टक्क्याच्या आतच राहिले. ज्या समानतेसाठी हे केले, तीच त्या स्त्रियांना घरी पाठवून बसली. आमचे म्हणणे स्वच्छ आहे: अखेरचा निकष तोच असावा. रणांगण उंची पाहून सूट देत नाही आणि मुलींनी ती मागितलेलीही नाही. पण निकषापर्यंत नेणारा चढ प्रत्येकीच्या सुरुवातीच्या पायरीपासून मोजून आखावा. तो पाच आठवड्यांत चढायला लावायचा की पंधरा, हा निर्णय शरीरशास्त्राचा आहे. त्यात अभिमानाला जागा नाही.

मैदानाइतकाच हा प्रश्न ताटाचाही आहे. दिवसाला जितकी शक्ती खर्च होते तितके अन्न पोटात गेले नाही, तर शरीर आधी काटकसर करते ती पाळीत आणि हाडांत. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेवर सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. प्रशिक्षणात पाळी तीन-चार महिने बंद झाली तर 'बरे झाले, कटकट गेली' असे मुलींना वाटते आणि वरिष्ठही त्याला मेहनतीचे लक्षण मानतात. प्रत्यक्षात ती धोक्याची सूचना आहे. इस्ट्रोजेन घटते, हाडाची भरणी मंदावते आणि पुढची चीर ठरलेली असते. म्हणून पाळीची नियमित आणि खासगी विचारपूस हा वैद्यकीय तपासणीचा भाग असायला हवा. ती विचारणारी शक्यतो स्त्री डॉक्टर असावी आणि दिलेल्या उत्तराची वाच्यता स्क्वाड्रनमध्ये होऊ नये.

भारतात हा मुद्दा अधिकच गंभीर आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया त्यात मोडतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता तर भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशात सर्रास आढळते. निवड मंडळातून पार पडलेली मुलगी आजारी नसते, हे खरे; पण लोहाचा साठा तळाशी असूनही हिमोग्लोबिन नियमात बसू शकते. अमेरिकी नौदलातल्या पाच हजारांहून अधिक स्त्री प्रशिक्षणार्थींवर एक चाचणी झाली, ती 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. रोज 2000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 800 युनिट ड जीवनसत्त्व मिळालेल्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे 20 टक्क्यांनी कमी झाले. दाखल होतानाच फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासावे, कमतरता असेल ती भरून काढावी आणि मेसमध्ये मुलींनाही भूक असते तेवढे, घाईने उठवल्याशिवाय जेवता यावे. एवढे केले तरी चौथ्या-पाचव्या आठवड्याचे चित्र बदलेल.

आणि आता जी गोष्ट प्रबोधिन्यांच्या भिंतींआड सगळे जाणतात, तिच्याविषयी. दुखणे लपवले जाते. जास्त दिवस मैदानाबाहेर राहिले तर रेलिगेशन, म्हणजे एक सत्र मागे. आपल्या बरोबरीच्या मैत्रिणी पुढे जाणार आणि आपण सहा महिने मागे राहणार, ही धास्ती प्रत्येक कॅडेटला असते. त्यात सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी असल्याची नोंद करायला, गेलेल्याकडे कामचुकार म्हणून पाहण्याची जुनी खोड. मुलीवर तर दुहेरी ओझे: ती एकटी लंगडली, तरी 'मुलींना जमत नाही' असा निकाल सगळ्यांवर लागेल, हे तिला ठाऊक असते. मग ती वेदनाशामक गोळी घेऊन पळते. नडगीवरचे दुखणे पसरलेले असेल तर पुष्कळदा विश्रांतीने आणि भार कमी करून बरे होते. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी ते दुखत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर चीर पडलेली असण्याची शक्यता मोठी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ती दिसतही नाही. 'एक्स-रे स्वच्छ आहे, जा पळ' हा सल्ला म्हणूनच घातक ठरतो. शंका असेल तिथे एमआरआय हवा.

जांघेत दुखणे तर क्षणभरही अंगावर काढू नये. ते खुब्यापाशी, मांडीच्या हाडाच्या मानेतल्या चिरेचे लक्षण असू शकते. ती चीर सरकली तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि विसाव्या वर्षी आयुष्यभराचे अपंगत्व येऊ शकते. वेळेत कळली तर सामान्य स्ट्रेस फ्रॅक्चर सहा ते आठ आठवड्यांच्या भारमुक्त विश्रांतीने बरे होते. त्या काळात पोहणे, सायकल आणि वरच्या अंगाचे व्यायाम चालू ठेवता येतात आणि मग चालणे, जॉगिंग, धावणे, ओझे असा क्रम धरून परत येता येते. लवकर सांगणारी कॅडेट दोन महिन्यांत परत येते. उशिरा सांगणारी कधीकधी परतच येत नाही. म्हणून नियमच असा असावा, की दुखणे वेळेत सांगितल्याने गेलेले दिवस रेलिगेशनच्या हिशेबात धरले जाणार नाहीत आणि बऱ्या होत असलेल्या कॅडेट्ससाठी स्वतंत्र पुनर्वसन तुकडी असेल, जिथे वर्ग, नकाशावाचन आणि नेमबाजी चालू राहतील. सामूहिक शिक्षेचा रगडा रात्री झोपेच्या वेळेत होणार नाही, हेही त्याच नियमात लिहावे.

महाराष्ट्राची जबाबदारी इथून सुरू होते. पिरंगुटजवळ कासार आंबोलीला राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे. नाशिकला राज्य सरकारने 2023 पासून मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. साताऱ्याच्या सैनिक शाळेचे दारही मुलींना उघडले आहे. याशिवाय गावोगावच्या भरती अकादम्यांत हजारो मुली पोलीस आणि सैन्यभरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावत असतात. झिजलेले बूट, रिकामे पोट, दर आठवड्याला वाढवलेले अंतर आणि 'शिन पेन' झाले की वर्तमानपत्रात बर्फ गुंडाळून नडगीवर धरणे, हे दृश्य या मुलींच्या ओळखीचे आहे. कित्येक मुली भरतीच्या दिवशी दुखऱ्या पायाने उतरतात. याच संस्थांनी भरतीआधी सहा महिने नीट वापरले, तर पुढची निम्मी लढाई जिंकलेली असेल. आठवड्याला अंतर थोडेथोडे वाढवणे, डांबराऐवजी मातीवर धावणे, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एक दिवस पूर्ण विश्रांती, मूठभर शेंगदाणे-गूळ, दूध, अंडी किंवा नाचणी, आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी. याला लागणारा पैसा जिल्हा क्रीडा कार्यालयांच्या आवाक्यातला आहे.

शेवटचा मुद्दा, ज्यांना खबरदारी घेऊनही दुखापत झाली त्यांचा. प्रशिक्षणात कायमचे अपंगत्व आलेल्या कॅडेटला आजवर 'माजी सैनिक' मानले जात नव्हते, कारण तो अजून सैनिक झालेलाच नव्हता. 1985 पासून अशा सुमारे 500 कॅडेट्सना घरी जावे लागल्याचे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने त्यांना माजी सैनिकांची आरोग्य योजना खुली केली. हे पाऊल चांगले, पण उपचार म्हणजे उपजीविका नव्हे. शिक्षण पूर्ण करण्याची सोय, पुनर्वसनाची नोकरी आणि महागाईप्रमाणे वाढणारे साहाय्य यांवर आता निर्णय व्हावा. देशासाठी हाड मोडले ते शपथ घेण्याच्या आदल्या दिवशी की दुसऱ्या दिवशी, यावर देशाची कृतज्ञता ठरू नये.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. प्रत्येक लष्करी प्रशिक्षण संस्थेने दरवर्षी जाहीर करावे: किती मुलगे व किती मुली दाखल झाल्या, कोणत्या आठवड्यात कोणत्या हाडाची किती दुखापत झाली, किती जण परतले आणि किती घरी गेले. नावे देण्याची गरज नाही, आकडे पुरेत. ज्या दुखापती मोजल्या जातात त्या कमी करता येतात, हे ऑस्ट्रेलियाने, इस्रायलने आणि सॅन डिएगोने सिद्ध केले आहे. ज्या मोजल्या जात नाहीत, त्या मुलींच्या कमकुवतपणाच्या खात्यावर टाकल्या जातात. मुलींनी प्रबोधिनीत प्रवेश कष्टाने मिळवला आहे. तिथून धडधाकट अधिकारी होऊन बाहेर पडण्याची पुरी संधी त्यांना देणे ही संरक्षण मंत्रालयाची जबाबदारी आहे आणि पुढच्या तुकडीचे पहिले चार आठवडे सुरू होण्याआधीच ती पार पाडायला हवी.